दोघांची सहल, तिघांची तयारी

वाचकहो, घरातील एक व्यक्ती दीर्घकाळ आजारी असली की त्या घराची कालगणनाच बदलते. सणवार मागे पडतात आणि दिनदर्शिकेवर गोळ्यांच्या वेळा, तपासणीच्या तारखा व औषधे संपण्याचे दिवस तेवढे उरतात. अशा घरात कोणी सहलीचा विषय काढला तर तो चैनीचा, किंबहुना बेजबाबदारपणाचा वाटतो. परंतु अशाच घराला सहलीची गरज सर्वाधिक असते आणि विचारपूर्वक आखल्यास ती शक्यही असते, हे मी स्वानुभवावरून आपणांस सांगू इच्छिते.

माझ्या पतींना सहा वर्षांपूर्वी कंपवाताचे, म्हणजेच पार्किन्सन्स या आजाराचे निदान झाले. आम्ही इंदापूरला राहतो आणि तपासणीसाठी बारामतीला जातो. मेंदूतील डोपामिन हे द्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी या आजारात हळूहळू कमी होत जातात. त्यामुळे हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हात थरथरतो, आवाज बारीक होतो, तोल जातो. औषधांनी लक्षणे पुष्कळ आटोक्यात राहतात. मात्र आजार समूळ जात नाही, तो सावकाश पुढे सरकत राहतो. त्यामुळे 'बरे वाटले की जाऊ' हे वाक्य आमच्यासाठी निरर्थक होते. आमच्या डॉक्टरांनीही तेच स्पष्ट शब्दांत सांगितले : "जायचे असेल तर पुढच्या वर्षाची वाट पाहू नका."

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे. तेथे रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. हे शब्द मला फार आवडतात, कारण त्यांत लाचारी नाही. तरीही एके दिवशी माझ्या ध्यानात आले की, आमच्या घरात आता केवळ एक शुभार्थी आणि एक शुभंकर राहतात. पती आणि पत्नी कुठेतरी मागे पडले आहेत. त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेले प्रत्येक वाक्य आठवून पाहिले. "गोळी घेतलीत का?", "पाणी प्यायलात का?", "काठी कुठे ठेवलीत?" त्यांची उत्तरेही 'हो' आणि 'नाही' एवढीच. चाळीस वर्षांच्या संसारानंतर आमच्या संभाषणाचे एवढेच अवशेष उरले होते. सहलीचा विचार खरा तेथून सुरू झाला.

पहिली योजना आमच्या मुलाची होती. तो अमेरिकेत असतो. "आई, बाबांना जुनी बांधकामं आवडतात आणि तुला समुद्र. मेक्सिकोत दोन्ही एका ठिकाणी आहे," असे म्हणून त्याने युकातान द्वीपकल्पाची चित्रे पाठविली. निळाशार कॅरिबियन समुद्र, त्याच्या काठच्या कड्यावर उभे असलेले तुलुम हे माया लोकांचे प्राचीन नगर आणि आत चिचेन इत्सा येथील पायऱ्यापायऱ्यांचा पिरॅमिड. त्याच्या चारही बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत आणि माथ्यावरची एक धरली की ३६५, म्हणजे वर्षाचे दिवस. माझे पती पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांचे लक्ष मात्र पिरॅमिडपेक्षा तेथील पाण्याकडे गेले. युकातानच्या त्या चुनखडीच्या पठारावर पाणी जमिनीवरून नद्यांच्या रूपाने वाहत नाही. ते खाली झिरपते आणि जमीन खचून झालेल्या खोल डोहांत दिसते. माया लोक त्या डोहांच्या आधाराने राहिले आणि पावसाच्या देवाला आळवीत राहिले. "अगं, ही माणसं आपल्या इंदापूरकरांसारखीच की, आभाळाकडे डोळे लावून बसणारी," असे ते म्हणाले. कित्येक दिवसांनी त्यांनी आपणहून उच्चारलेले ते पूर्ण वाक्य होते.

तरीही ती योजना आम्ही बाजूला ठेवली. मुंबईपासून तेथवर विमाने बदलत जाण्यात एक अख्खा दिवस आणि वर काही तास जातात. शिवाय तेथील समुद्रकिनाऱ्यावरचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. ज्याची प्रत्येक हालचाल ठरावीक वेळेच्या गोळीवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी दिवसाची रात्र होणे ही साधी गोष्ट नव्हे. प्रकृती बरी असणाऱ्या ज्येष्ठांनी असा प्रवास अवश्य करावा. आम्हाला तो पेलणारा नव्हता. मात्र त्या योजनेतील मुख्य सूत्र आम्ही सोडले नाही : एकाला आवडणारे पाणी आणि दुसऱ्याला आवडणारे जुने दगड एकाच ठिकाणी असावेत. दोघांपैकी कोणीही केवळ दुसऱ्याची सोबत म्हणून जाऊ नये, हे त्या सूत्राचे मर्म होते.

आधी एक दिवसाची रंगीत तालीम करावी, असे ठरले आणि त्यासाठी तालुक्याबाहेर जाण्याची गरजच नव्हती. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन मंदिर उजनी धरणाच्या फुगवट्यात उभे आहे. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. त्याच्या पाण्याखाली जुने गाव गेले आणि वस्ती वर सरकली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मंदिर उघडे पडते. धरण भरलेले असताना शिखर तेवढे पाण्यावर दिसते. आम्ही मार्गशीर्षात गेलो, तेव्हा काठावरून ते शिखरच पाहिले आणि पुढे भिगवणच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे पाहून परतलो. नावेत बसण्याचा मोह होता. पण तोल जाणाऱ्या माणसाला हलत्या नावेत चढविणे-उतरविणे धोक्याचे असते. शिवाय या पाण्याचा स्वभाव आम्ही जाणतो. २०२४च्या मे महिन्यात कुगाव आणि कळाशी यांच्या दरम्यान वादळी वाऱ्याने बोट उलटून सहा जणांचा अंत झाला. आपण कधी नावेतून जाणार असाल तर सकाळची शांत वेळ निवडा आणि जीवरक्षक जाकीट घातल्याखेरीज पाय ठेवू नका.

त्या एका दिवसाने आम्हाला पुष्कळ शिकविले. गाडीत ते सलग दीड तास सुखाने बसू शकतात. त्यापुढे पाय ताठरतात. सकाळी अकराच्या गोळीनंतरचे दोन तास त्यांचे सर्वांत चांगले असतात. खानावळीच्या अरुंद दारात आणि गर्दीत त्यांची पावले जमिनीला खिळल्यासारखी थांबतात, मोकळ्या जागेत मात्र चालू लागतात. आणि घडीची एक हलकी खुर्ची सोबत असेल तर कोणतेही ठिकाण पाहण्याजोगे होते. ही माहिती कोणत्याही प्रवासी पुस्तिकेत मिळणारी नाही. ती आपापल्या माणसासोबत एक दिवस घालवूनच मिळते. म्हणून माझी विनंती आहे की, मोठ्या सहलीपूर्वी अशी एक तालीम अवश्य करावी. बारामतीकरांना मोरगावचा मयूरेश्वर आहे, इंदापूरकरांना नीरा-भीमेच्या संगमावरचे नीरा नरसिंहपूर आहे.

समुद्रासाठी आम्ही अलिबागजवळचे रेवदंडा निवडले. निवडीची कारणे सांगते, कारण ती आपल्यालाही उपयोगी पडतील. पहिले कारण तेथील रुग्णालयांचे सान्निध्य. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि रेवदंडा तेथून सुमारे १७ किलोमीटरवर. दुसरे कारण रस्त्याचे. पुण्याहून अलिबाग साधारण दीडशे किलोमीटर. घाट आहे, पण रस्ता रुंद आहे. तिसरे कारण तेथील अवशेषांचे. आपल्याकडील बहुतेक किल्ल्यांना चढ असतो. रेवदंड्याचा पोर्तुगीजकालीन कोट सपाटीवर आहे. गावातला रस्ताच कोटाच्या तटातून जातो आणि तटाच्या पलीकडे लगेच समुद्र आहे. शेजारचे चौल हे तर प्राचीन बंदर. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ग्रीक लेखनात त्याचा उल्लेख येतो आणि पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी येथेच उतरला होता. गुडघे दुखणाऱ्या, तोल जाणाऱ्या माणसाला दोन हजार वर्षांचा इतिहास पायरी न चढता पाहता यावा, यापेक्षा अधिक काय हवे?

आता आमच्या तयारीतील सर्वांत महत्त्वाच्या निर्णयाकडे येते. आम्ही दोघांच्या सहलीला तिसरा माणूस नेला. माझ्या नणंदेचा मुलगा पुण्यात असतो. त्याला गाडी चालविण्यासाठी आणि सोबतीसाठी बोलावले. हे ऐकताच यजमान काहीसे नाराज झाले. "सहल आपल्या दोघांची ना? मग त्याला कशाला?" मी म्हटले, "अहो, तो आला तरच ती दोघांची होईल. नाहीतर मी तिथंही परिचारिकाच राहीन." ते काही क्षण गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बोलाव त्याला."

काळजीवाहकांनो, या मुद्द्याचा आपण शांतपणे विचार करावा. उठविणे, बसविणे, बूट घालणे, सामान उचलणे, रात्री जागणे ही कामे प्रवासात दुप्पट होतात. ती सर्व एकट्या जोडीदाराने करायची तर घर बदलते, काम तेच राहते. भाचा, पुतण्या, शेजारचा विश्वासू मुलगा किंवा मोबदला देऊन नेलेला मदतनीस, कोणीही चालेल. पण शरीरकष्टांचा भार काही तास तरी दुसऱ्याच्या खांद्यावर असावा. खर्च वाचवायचा असेल तर मुक्कामाचा एक दिवस कमी करा, मदतनीस कमी करू नका. जे एस.टी.ने जाणार असतील त्यांना राज्यात ७५ वर्षांवरील ज्येष्ठांसाठी विनामूल्य प्रवास आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना आणि सर्व महिलांना अर्धे भाडे आहे. तिसऱ्या माणसाचा खर्च त्यातून काही अंशी निघू शकतो.

बाकीची तयारी अशी केली. डॉक्टरांना भेटून सहलीच्या दिवसांचे औषधांचे वेळापत्रक लिहून घेतले. नेमकी औषधे न नेता चार दिवसांची जास्त नेली आणि ती दोन ठिकाणी विभागून ठेवली. एक भाग माझ्या पर्समध्ये, एक भाच्याकडे. औषधपत्राची प्रत दोघांजवळ होती. कंपवाताच्या गोळ्या अचानक बंद पडणे घातक ठरू शकते, म्हणून हा खटाटोप. घाटात मळमळ होईल म्हणून उलटीवरची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये, हेही डॉक्टरांनी बजावले. तशा काही गोळ्यांनी कंपवाताची लक्षणे वाढतात. त्यांनी चालणारे औषध लिहून दिले. या आजारावरील लेव्होडोपा हे औषध प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतल्यास त्याचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून मासळी असो वा डाळ, जेवण आणि गोळी यांत किती अंतर ठेवायचे ते विचारून घेतले. राहण्याची जागा तळमजल्यावरची, कमोड असलेली, न्हाणीघराची फरशी निसरडी नसलेली हवी, हे दूरध्वनीवर स्पष्ट विचारले आणि त्या खोलीची छायाचित्रे मागविली. रात्री न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा राहील असे पाहिले. अशा अनोळखी अंधारात ज्येष्ठ पडण्याचा धोका असतो. रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक तिघांच्याही भ्रमणध्वनीत नोंदवून ठेवला.

तारीख आम्ही पंचांग पाहून ठरविली. यात धार्मिक काही नाही. कोकणातील जुनी माणसे तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराचे पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. याचा अर्थ असा की, पौर्णिमेच्या आसपास सायंकाळी पाचच्या सुमारास समुद्र मागे गेलेला असतो आणि ओली, घट्ट वाळू उघडी पडते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत गुडघ्यांवर ताण येतो आणि तोल जातो. ओल्या वाळूवर चालणे पुष्कळ सोपे. अंदाजासाठी हा हिशोब पुरेसा आहे. पाण्याजवळ जाण्यापूर्वी मात्र स्थानिक कोळी बांधवांना विचारून खात्री करून घ्यावी. आम्ही पौष पौर्णिमेच्या आदल्या दोन दिवसांपासूनचा मुक्काम धरला. थंडीचे दिवस असल्याने उन्हाचा त्रासही कमी.

पहिल्या दिवशी इंदापूरहून केवळ पुण्यापर्यंत गेलो आणि नणंदेकडे राहिलो. दुसऱ्या दिवशी दर दीड तासाला थांबत, प्रत्येक थांब्यावर त्यांना पाच मिनिटे उभे करीत, पाय हलवायला लावीत रेवदंडा गाठले. रोज एकच गोष्ट पाहायची आणि एक दिवस पूर्ण मोकळा ठेवायचा, असा नियम होता. त्या मोकळ्या दिवसाचे महत्त्व लगेच पटले. पोहोचल्याच्या दुसऱ्या सकाळी त्यांचे अंग इतके ताठरले होते की अंथरुणातून उठणेही कठीण झाले. गोळी घेऊनही चालणे सुधारेना. मग तोच दिवस मोकळा ठरविला. ओसरीवर खुर्ची टाकली, नारळीच्या बागेत वारा होता. कोणतेही आरक्षण चुकले नाही, कोणाची कुरकुर झाली नाही. ज्या आखणीत वाईट दिवसासाठी जागा नसते, तेथे वाईट दिवस आला की आजारी माणसाला स्वतःचीच अपराधी भावना येते. त्यांना ती येऊ दिली नाही, यात मला समाधान आहे.

त्यानंतरच्या दिवशी अकराची गोळी घेऊन आम्ही कोटात गेलो. तटाच्या सावलीत खुर्ची मांडून ते बसले. भिंतीतील दगड आणि चुना न्याहाळीत त्यांनी मला सांगायला आरंभ केला : चुना कसा मळतात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात तो कसा टिकतो, तटाला उतार का देतात. त्यांचा आवाज आता फार बारीक झाला आहे आणि पलीकडे लाटांचा घोष होता, त्यामुळे ऐकण्यासाठी मला त्यांच्या अगदी जवळ बसावे लागले. सातखणी नावाने ओळखल्या जाणाऱ्या मनोऱ्याकडे पाहत ते म्हणाले, "१७४० साली हे सगळं मराठ्यांकडं आलं. पण मनोरा बांधणाऱ्यानं चांगलाच बांधला होता हं." पाऊण तास ते बोलत होते. औषधाचा एकही शब्द त्यात नव्हता.

सायंकाळी माझी पाळी होती. भाचा म्हणाला, "मामी, मी बसतो मामांजवळ, तुम्ही जा." मी चप्पल काढून एकटीच पाण्यात गेले आणि अर्धा तास किनाऱ्याने चालले. सहा वर्षांत मी एकटी, कोणाकडेही मागे वळून न पाहता, इतका वेळ चालले नव्हते. परतले तेव्हा मामा-भाच्यांचा वेगळाच उद्योग चालला होता. भाच्याने काठीने ओल्या वाळूत पावला-पावलाच्या अंतरावर आडव्या रेघा ओढल्या होत्या आणि हे एकेक रेघ ओलांडीत, मनात मोजीत चालले होते. कंपवातात अडखळणाऱ्या पावलांना अशी दिसणारी खूण किंवा मोजण्याची लय मदत करते. व्यायामाच्या वेळी फरशीवर पट्ट्या चिकटवून आम्ही हाच सराव घरी करतो. येथे मोकळी वाळू होती आणि पडले तरी फारसे लागणार नाही, हा धीर होता. वीस-पंचवीस रेघा ओलांडून ते थांबले आणि खुर्चीवर बसले. चंद्र वर आला होता. वारा वाढला तसे ते मला म्हणाले, "तुला गार वाजत असेल. शाल घे ना."

वाचकहो, या साध्या वाक्याचे मोल काळजीवाहकांना वेगळे सांगायला नको. ज्याची काळजी आपण रात्रंदिवस वाहतो, त्यालाही आपली काळजी असते. ती व्यक्त करण्याची संधी मात्र त्याला मिळत नाही, कारण आपण सदैव त्याच्यापुढे गोळी किंवा पेला घेऊन उभे असतो. समुद्राने त्यांचा आजार कमी केला नाही. घरी परतल्यावर गोळ्यांच्या वेळा त्याच होत्या, आणि पुढील तपासणीत एक गोळी वाढलीही. परंतु आता आमच्या बोलण्यात चुना आहे, तट आहे, वाळूतल्या रेघा आहेत. ते पुढच्या तालमीसाठी नरसिंहपूरचे नाव घेतात आणि घाटाच्या पायऱ्या न उतरता संगम कोठून दिसेल, याचा विचार करतात.

आपल्या घरातील आजार वेगळा असेल. हृदयविकार असेल तर खारवलेले पदार्थ आणि चढ यांचा विचार करावा लागेल, मधुमेह असेल तर इन्सुलिन गार ठेवण्याचा आणि वाळूत अनवाणी न चालण्याचा, स्मृतिभ्रंश असेल तर अनोळखी जागेतील गोंधळाचा. नियम बदलतील, क्रम तोच राहील : आधी डॉक्टरांचा सल्ला, मग एका दिवसाची तालीम, मग तिसरा माणूस, आणि शेवटी ठिकाण. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो. ठिकाण आधी ठरते आणि बाकीचे जमत नाही म्हणून सहल राहून जाते. आज सायंकाळी आपल्या माणसाजवळ बसा आणि त्याला एवढेच विचारा की, त्याला काय पाहायचे आहे. मग त्याने विचारले नाही तरी, आपल्याला स्वतःला काय पाहायचे आहे, तेही सांगा.